गेमिंग पीसीचे पार्ट एकमेकांना बसतील का? पैसे देण्याआधीची पूर्ण तपासणी

"भो, पार्ट सगळे आले, पण चालू व्हत नही." दिवाळीच्या सेलनंतर असे फोन हमखास येतात. बहुतेक वेळा एकही पार्ट खराब नसतो. प्रत्येक पार्ट आपापल्या जागी चांगलाच असतो, फक्त शेजारच्याशी त्याचं जमत नाही. डीडीआर४ पिढीच्या मदरबोर्डासाठी डीडीआर५ पिढीची रॅम आलेली असते, नाहीतर ग्राफिक्स कार्ड केसपेक्षा, म्हणजे कॅबिनेटपेक्षा, तीन सेंटीमीटर लांब निघतं.

मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला चुकीचा बोर्ड संध्याकाळपर्यंत बदलून आणता येतो. रावेर, शिरपूर, नवापूरला तसं नाही. पार्सल परत जाणार, तपासलं जाणार, मग दुसरं येणार. यात आठ-दहा दिवस सहज जातात. त्यात सील फोडलेलं असेल तर दुकानदार हात वर करतो. म्हणून खान्देशात पीसी जमवणाऱ्याने एक नियम पाळावा: संपूर्ण यादी कागदावर जुळल्याशिवाय एकाही पार्टचे पैसे द्यायचे नाहीत. चांगली ऑफर दिसली म्हणून आज रॅम, पुढच्या महिन्यात कार्ड, अशी खरेदी करणारेच सर्वात जास्त अडकतात.

## आधी तयारी

वहीचं एक पान घ्या आणि आठ ओळी आखा: कार्ड, प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, पॉवर सप्लाय, कूलर, केस. प्रत्येक ओळीत पार्टचं पूर्ण मॉडेल नाव लिहायचं. "बी७६० बोर्ड" एवढं पुरत नाही. एकाच नावाच्या बोर्डाच्या डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन आवृत्त्या मिळतात आणि दोघांच्या नावात शेवटच्या दोन-तीन अक्षरांचाच फरक असतो.

बजेट लिहिताना मॉनिटर, यूपीएस आणि विंडोज आधी वजा करा. हे तिन्ही शेवटी आठवतात आणि मग त्यांचे पैसे पॉवर सप्लायमधून कापले जातात, जिथून अजिबात कापू नयेत.

माहिती नेहमी बोर्ड, केस आणि कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या स्पेसिफिकेशन पानावरून घ्या. विक्रीच्या पानावरचे तपशील बऱ्याचदा दुसऱ्याच मॉडेलचे चिकटवलेले असतात.

## टप्पा १: मॉनिटर, मग ग्राफिक्स कार्ड

सुरुवात प्रोसेसरपासून करू नका. कोणत्या रिझोल्यूशनवर खेळणार ते आधी ठरवा. १०८० पी मॉनिटरवर खेळणाऱ्याला आरटीएक्स ४०६० किंवा ५०६०च्या वर्गातलं कार्ड पुरेसं असतं. १४४० पीला जायचं असेल तर त्याहून वरचं आणि शक्यतो ८ जीबीपेक्षा जास्त मेमरीचं कार्ड बघा. ६० हर्ट्झचा जुना टीव्ही मॉनिटर म्हणून वापरणार असाल तर महागडं कार्ड घेऊन उपयोग नाही, कारण सेकंदाला साठाच्या वरच्या फ्रेम त्या पडद्यावर दिसणारच नाहीत.

कार्ड ठरलं की त्याच्या चार गोष्टी वहीत उतरवा: लांबी मिलिमीटरमध्ये, जाडी किती स्लॉटची, वीज किती वॉट, आणि वीज घ्यायला कोणता कनेक्टर. पुढचे तीन-चार टप्पे या आकड्यांवर उभे आहेत. दोन पंख्यांचं कार्ड साधारण २४०-२५० मिमी असतं, तीन पंख्यांचं ३०० मिमीच्या पुढे जातं. एकाच चिपची दोन कंपन्यांची कार्डं लांबीला वेगळी असतात, म्हणून आकडा तुमच्या नेमक्या मॉडेलचाच हवा.

तपासा: कार्ड किती पीसीआयई लेनवर, म्हणजे कार्ड आणि बोर्डामधल्या माहितीच्या किती वाटांवर, चालतं? (३.०, ४.० या त्या वाटांच्या पिढ्या.) आरटीएक्स ४०६० आणि आरएक्स ७६०० आठ लेनवर चालतात, आरएक्स ६५०० एक्सटी फक्त चारवर. पीसीआयई ३.०च्या जुन्या बोर्डावर लावलं की चार लेनचं कार्ड चांगलंच मार खातं. आठ लेनच्या कार्डाला थोडा फटका बसतो, पण तो चालण्यासारखा असतो.

## टप्पा २: प्रोसेसरच्या नावातली शेवटची अक्षरं

इंटेलच्या नावामागे एफ असेल, जसं १२४००एफ, तर त्यात अंगभूत ग्राफिक्स नाही. एएमडीचे रायझन ५ ५६०० आणि ७५००एफ तसेच. ग्राफिक्स कार्ड लावेपर्यंत पडद्यावर काहीही दिसणार नाही. "आत्ता प्रोसेसर-बोर्ड घेतो, कार्ड दिवाळीला" असा बेत असेल तर हे प्रोसेसर घेऊच नका. रायझन ५ ७६००मध्ये लहानसं ग्राफिक्स आहे. गेम खेळायला ते कामाचं नाही, पण कार्ड बिघडलं तर पीसी निदान चालू होतो आणि दोष कुठे आहे ते कळतं.

जी लागलेले प्रोसेसर हा उलटा सापळा. ५६००जी म्हणजे ५६०० अधिक ग्राफिक्स, असं दुकानात सांगतात. तसं नाही. ५६००जीमध्ये कॅशे (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) निम्मी, १६ एमबी आहे आणि तो बोर्ड कोणताही असला तरी पीसीआयई ३.०वरच चालतो. ८५००जी तर ग्राफिक्स कार्डाला फक्त चार लेन देतो. वेगळं कार्ड घ्यायचं पक्कं असेल तर जीच्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत.

एक्स किंवा के असलेल्या प्रोसेसरसोबत बहुधा कूलर येत नाही. ७६००च्या खोक्यात कूलर असतो, ७६००एक्सच्या नसतो.

सावधान: सेकंडहँडमध्ये इंटेलचे १३व्या-१४व्या पिढीचे आय७, आय९ स्वस्त दिसले तर मोहात पडू नका. जास्त व्होल्टेजमुळे या पिढ्यांचे वरचे प्रोसेसर खराब होत होते. २०२४मध्ये त्यावर बायोसचं, म्हणजे बोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरचं, अपडेट निघालं, पण आधीच झालेलं नुकसान त्याने भरून येत नाही. नवीन घेत असाल तर बोर्डाचं बायोस पहिल्याच दिवशी अपडेट करा.

इंटेलच्या जुन्या झीऑन (सर्व्हरच्या) प्रोसेसरचे बोर्ड-रॅमसकट कॉम्बो ऑनलाइन फार स्वस्त मिळतात. विंडोज ११वर व्हॅलोरंट या गेमला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या बोर्डातल्या दोन्ही सुरक्षा सोयी लागतात. दहा वर्षांपूर्वीच्या बोर्डावर तिथेच गाडी अडते.

## टप्पा ३: मदरबोर्ड

सर्वात जास्त चुका इथे होतात. तीन प्रश्न याच क्रमाने विचारा.

सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसवायची जागा, तेच आहे का? एएमडीमध्ये एएम४ म्हणजे रायझन १००० ते ५०००, एएम५ म्हणजे ७०००, ८०००, ९०००. इंटेलमध्ये एलजीए १२००वर १०वी-११वी पिढी, एलजीए १७००वर १२वी, १३वी, १४वी, आणि कोअर अल्ट्रा २००ला एलजीए १८५१. दोन सॉकेटांची सरमिसळ कोणत्याही अ‍ॅडाप्टरने होत नाही.

चिपसेट, म्हणजे बी७६०, झेड७९० अशा नावाची बोर्डाची मुख्य चिप, तुमच्या कामाचा आहे का? के नसलेल्या इंटेल प्रोसेसरला झेड७९० घेणं म्हणजे पैसे वाया. बी७६० पुरतो. एच६१० सर्वात स्वस्त, पण त्यात रॅमचे दोनच स्लॉट असतात आणि वीज सांभाळणारे भाग, ज्यांना व्हीआरएम म्हणतात, बहुतेक वेळा उघडेच असतात. त्यांच्यावर हीटसिंक नसतो. आय५-१२४००एफ पूर्ण जोरात ११७ वॉटपर्यंत जातो, तेवढं एच६१०ला जमतं. आय७ बसवू नका. बसेल, चालेल, आणि मे महिन्यात दुपारी तापून आपोआप मंद होईल. एएमडीत एएम४ला बी५५० आणि एएम५ला बी६५० किंवा बी८५० हे बहुतेकांचं उत्तर. ए५२० पीसीआयई ३.०वर थांबतो.

बायोस तो प्रोसेसर ओळखतो का? सॉकेट जुळलं, खोकं नवंकोरं, तरी पडदा काळा, याचं कारण बहुधा हेच. बी६५० बोर्ड रायझन ९०००च्या आधी आले, बी६६० बोर्ड १३व्या पिढीच्या आधी. दुकानात पडून राहिलेल्या बोर्डात जुनंच बायोस असतं. कंपनीच्या पानावर "सीपीयू सपोर्ट" यादी उघडा, आपल्या प्रोसेसरसमोर कोणतं बायोस व्हर्जन लिहिलंय ते वहीत टिपा. मग बोर्डाला बायोस फ्लॅशबॅक बटण आहे का ते बघा. असेल तर प्रोसेसर-रॅम नसतानाही, फक्त पॉवर सप्लाय आणि फॅट३२ फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर बायोस बदलता येतं. बटण नसेल तर दुकानदाराला विकण्याआधी बायोस अपडेट करून द्यायला सांगा. जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी, जिथे दुकानाला लागून दुकान आहे, तिथे हे काम कुणीतरी करून देतंच. ऑनलाइन मागवलेल्या बोर्डासाठी मात्र आधी दुसरा चालणारा प्रोसेसर शोधावा लागतो.

आकाराचंही बघून घ्या: एटीएक्स बोर्ड ३०५ × २४४ मिमी, मायक्रो-एटीएक्स जास्तीत जास्त २४४ × २४४. मोठ्या केसमध्ये लहान बोर्ड बसतो, लहानात मोठा नाही.

तपासा: केसच्या पुढच्या बाजूला टाइप-सी पोर्ट असेल तर त्याच्या वायरीसाठी बोर्डावर वेगळा हेडर (वायर जोडायची जागा) लागतो. रंगीत पंख्यांचे दोन प्रकार असतात: ५ व्होल्टचा तीन पिनांचा आणि १२ व्होल्टचा चार पिनांचा. पाचवाला बारामध्ये घुसवला की एलईडी जळतात. वायफायचंही आत्ताच ठरवा. राउटर खालच्या खोलीत आणि पीसी माडीवर असेल तर वायफाय असलेला बोर्ड घ्या.

## टप्पा ४: रॅम

एएम५ आणि एलजीए १८५१ला डीडीआर५च लागते. एएम४ला डीडीआर४च. घोळ होतो तो एलजीए १७००वर, कारण तिथे दोन्ही प्रकारचे बोर्ड मिळतात. मात्र एका बोर्डात एकच प्रकार चालतो. दोन्ही प्रकारच्या रॅमच्या खाचा वेगळ्या जागी असतात, त्यामुळे चुकीची रॅम आत जात नाही. जोर लावला तर स्लॉट तुटतो.

एक १६ जीबीची कांडी घेण्याऐवजी आठ-आठच्या दोन घ्या. १६-१६च्या दोन घेता आल्या तर उत्तम. दोन कांड्यांमुळे ड्युअल चॅनल (दोन्ही कांड्यांचा एकाच वेळी वापर) मिळतं आणि गेममध्ये फरक जाणवतो. दोन्ही एकाच पॅकमधल्या हव्यात. डीडीआर५मध्ये चारही स्लॉट भरले तर वेग बराच खाली येतो, म्हणून "आता दोन, नंतर दोन" हा जुना हिशेब तिथे चालत नाही. रायझन ७००० आणि ९०००ला ६००० वेगाची, एक्स्पो (रॅमचा लिहिलेला वेग चालू करणारी सेटिंग) लिहिलेली जोडी घ्या. बसवल्यावर बायोसमध्ये एक्स्पो किंवा एक्सएमपी चालू करावं लागतं, नाहीतर ६०००ची रॅम ४८००वर रांगत राहते आणि मालकाला वर्षभर पत्ता नसतो.

सावधान: सर्व्हरची रजिस्टर्ड रॅम स्वस्तात विकली जाते. घरगुती बोर्डावर ती चालत नाही. लॅपटॉपची रॅमही आखूड असते, बसत नाही.

## टप्पा ५: एसएसडी

इथे फार डोकं लावायची गरज नाही. एम.२ २२८० मापाची, एनव्हीएमई, १ टीबी. फक्त एक बघा: एम.२ आकाराच्या सगळ्याच एसएसडी एनव्हीएमई (वेगवान प्रकार) नसतात, काही साटा (जुना, हळू प्रकार) असतात, आणि प्रत्येक स्लॉट दोन्ही घेत नाही. काही बोर्डांत एम.२ स्लॉट भरला की एखादा साटा पोर्ट बंद पडतो. जुनी हार्ड डिस्क लावणार असाल तर मॅन्युअलमध्ये ती ओळ शोधा.

## टप्पा ६: पॉवर सप्लाय, यूपीएस आणि अर्थिंग

हिशेब सोपा आहे. रायझन ५ ७६०० जास्तीत जास्त ८८ वॉट, आरटीएक्स ५०६० १४५ वॉट, बाकी बोर्ड, रॅम, पंखे, एसएसडी मिळून ५०-६० धरा. बेरीज ३०० वॉटच्या आत. क्षणिक उसळी आणि उन्हाळा धरून ५५० वॉटचा चांगला सप्लाय घ्या. आरटीएक्स ५०७० एकटंच २५० वॉट घेतं, त्याला ६५०च्या खाली जाऊ नका.

वॉटचा आकडा मोठा म्हणून सप्लाय चांगला, असं समजू नका. केससोबत फुकट येणारा "५०० वॉट" कार्डासाठी वापरू नये. ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) किंवा वरचा, नावाजलेल्या कंपनीचा, पाच वर्षं किंवा जास्त वॉरंटीचा बघा. नंतर लेबलवर इनपुट व्होल्टेज वाचा. काहींवर २००-२४० लिहिलेलं असतं, काहींवर १००-२४०. रब्बीत शेतीपंप सुरू झाले की गावाकडे व्होल्टेज किती खाली येतं ते घरातल्या मंदावलेल्या पंख्यावरून कळतंच. तिथे १००-२४०वालाच घ्या. दुसरा घेतला तर ऐन गेममध्ये पीसी रिस्टार्ट होईल आणि दोष कार्डाला जाईल.

कनेक्टर मोजा: प्रोसेसरसाठी ४+४ पिनांचा, कार्डासाठी ६+२चे हवे तेवढे किंवा नवा १६ पिनांचा. १६ पिनांचा असेल तर तो पूर्ण आत गेलाच पाहिजे, अर्धवट राहिला तर वितळतो. मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या कनेक्टरवरून) कार्डाला वीज देणारी जोडणी वापरू नका.

सावधान: मॉड्युलर (वायरी सुट्या होणाऱ्या) सप्लायच्या वायरी दुसऱ्या सप्लायला लावू नका, कंपनी तीच असली तरी. सप्लायच्या बाजूची पिनरचना वेगळी असू शकते. वायर व्यवस्थित बसते, पीसी चालू करता आणि एसएसडी जळते.

आता यूपीएस. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. त्यावर मॉनिटर, राउटर आणि गेम खेळणारा पीसी लावला तर लाइट जाताच तोही टप्पकन बंद. ११०० व्हीए किंवा वरचा घ्या, आणि तोही सेव्ह करून पीसी बंद करण्यापुरता. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर तो साइन वेव्ह आहे का ते विचारा. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर आजचे चांगले सप्लाय कुरकुर करतात किंवा बंद पडतात.

केसला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर पीसीत दोष शोधण्याआधी अर्थिंग तपासा. जुन्या घरांत तीन पिनांचं बोर्ड असतं पण तिसऱ्या भोकाला वायरच नसते. वायरमनला बोलावून आधी ते करून घ्या.

## टप्पा ७: कूलर आणि केस, आपल्या उन्हाळ्याचा हिशेब धरून

कूलर आणि केसचे बहुतेक रिव्ह्यू २०-२५ अंशांच्या खोलीत होतात. जळगाव-भुसावळला मेमध्ये पारा ४५च्या घरात असतो, पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत चाळिशी ठरलेली. म्हणजे रिव्ह्यूत ७० दिसलेला आकडा आपल्याकडे ८५-९० होणार. त्यामुळे ६५ वॉटच्या प्रोसेसरलाही मी खोक्यातल्या कूलरऐवजी साधा टॉवर कूलर सुचवतो. पाण्याच्या कूलरची या वर्गात गरज नाही.

तीन मापं जुळवा:

1. कूलरची उंची आणि केसची मर्यादा. टॉवर कूलर १५५-१६० मिमी असतात. काही स्वस्त केसेस १५० मिमीलाच थांबतात आणि बाजूची काच बंद होत नाही.
2. कार्डाची लांबी. पुढे पाण्याच्या कूलरचा रेडिएटर लावणार असाल तर केसच्या मर्यादेतून रेडिएटर आणि पंख्याचे मिळून साधारण ५० मिमी वजा करा.
3. रॅमची उंची. कूलरचा पंखा पहिल्या स्लॉटवर येत असेल तर उंच, दिवेवाली रॅम अडते.

कूलरसोबत आपल्या सॉकेटची क्लिप आहे का तेही बघा. एलजीए १७०० आणि १२००ची भोकं वेगळी आहेत. १७००ची क्लिप १८५१ला चालते. एएम४चे बरेच कूलर एएम५ला बसतात, पण बोर्डाची मागची पट्टी काढावी लागणारे बसत नाहीत.

केसचा पुढचा भाग जाळीचा हवा. पूर्ण काच असलेला दिसायला छान, पण आत हवा कुठून येणार? जाळीमागे काढून धुता येणारा फिल्टर हवाच. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आसपासच्या घरांत या फिल्टरवर आठवड्याभरात रुईची मऊ पांढरी गादी बसते. बोटाने एका कोपऱ्यातून उचलली तर सबंध निघून येते. फिल्टर नसेल तर हीच गादी कार्डाच्या पंख्यांमागे, हीटसिंकच्या पात्यांत बसते आणि ब्रशनेही निघत नाही.

सावधान: डेझर्ट कूलरचा झोत थेट पीसीवर सोडू नका. गार वाटतं, पण त्या हवेसोबत बारीक थेंब येतात, आणि बोअरच्या पाण्यातला क्षार बोर्डावर पांढऱ्या भुकटीसारखा जमतो. पीसी झोताच्या बाजूला ठेवा, खिडकी उघडी ठेवा.

## टप्पा ८: ऑर्डर आणि खोकं उघडताना

वहीतल्या आठही ओळी जुळल्या की सगळे पार्ट एकाच आठवड्यात मागवा. परतीची मुदत बहुतेक ठिकाणी आठवडा-दहा दिवसांची असते. बोर्ड जूनमध्ये आणि प्रोसेसर ऑगस्टमध्ये आला तर बोर्ड चालतो की नाही हे कळेपर्यंत त्याची मुदत कधीच संपलेली असते. बिल जीएसटीचं, त्यावर सीरियल नंबर लिहिलेला. वॉरंटीसाठी पार्ट कुठे द्यायचा तेही विचारून ठेवा: त्याच दुकानात, की नाशिक-पुण्याला स्वतः कुरिअर करायचा?

खोकी उघडताना सलग व्हिडिओ काढा. बोर्डाच्या सॉकेटवरचं प्लास्टिक झाकण उचलून मोबाइलच्या टॉर्चखाली पिनांचा जवळून फोटो घ्या. एएम५ आणि इंटेल दोन्हींत पिना बोर्डावर असतात. एखादी जरी वेगळ्या दिशेने चमकली तरी तिथेच थांबा, प्रोसेसर ठेवू नका. झाकण फेकू नका, वॉरंटीला ते मागतात.

केसमध्ये बसवण्याआधी बोर्ड त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवून प्रोसेसर, कूलर, रॅम, कार्ड एवढंच लावून चालू करा. चार स्लॉट असतील तर रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. काही दिसलं नाही तर या क्रमाने बघा: मॉनिटरची वायर कार्डाला आहे की बोर्डाला, प्रोसेसरचा ४+४ कनेक्टर लावला का, रॅम दोन्ही टोकांना टक् आवाज येईपर्यंत दाबली का. डीडीआर५वर पहिल्यांदा काही मिनिटं पडदा काळाच राहतो, बोर्ड रॅम ओळखत असतो. तेवढ्यात घाबरून बटण दाबू नका, दहा-पंधरा मिनिटं थांबा. त्यानंतरही अंधार असेल तर एकच कांडी ठेवून पुन्हा करा, आणि मग टप्पा ३मधलं बायोस व्हर्जन.

चालू झाला की परतीची मुदत संपण्याआधी एका दुपारी, भर उन्हात, दोन तास जड गेम चालवा आणि तापमान बघा. रात्री गारव्यात घेतलेली चाचणी धरू नका.